डासाला जात नसते म्हणे

या खेपेचं संपादकीय डासांवर आहे. हसा. हसून घ्या एकदाचं. आमच्या बैठकीतसुद्धा पोरं हसली. एकजण म्हणाला, देशात काय आग लागलीय आणि तू डास मारत बसणार? मी काही बोललो नाही. सदरा वर करून पाठ दाखवली. रातपाळी करून दिवसा झोपणाऱ्याची पाठ. गांध्या उठलेल्या, नखांनी फोडलेल्या, दोन ठिकाणी पू धरलेला. म्हटलं, वाच. हाही आपलाच अंक आहे. रोज निघतो, वर्गणी रक्तात घेतो.

मग कुणी हसलं नाही. कारण प्रत्येकाच्या पाठीवर तोच मजकूर.

गोष्ट मागच्या पावसाळ्याची. सकाळी पाळीवरून येऊन नुकता अंग टाकलं होतं. बाहेर कालवा. उठून बघतो तर गल्लीत कुठल्याशा खात्याची चार माणसं, हातात बॅटऱ्या, आणि शेजारच्या मावशीचा दोनशे लिटरचा निळा पिंप आडवा. पाणी गल्लीतून वाहत गटाराला चाललेलं. मावशी कमरेवर हात ठेवून बघत उभी. साहेब म्हणाला, ‘आळ्या आहेत आळ्या. तुम्ही लोक घाण ठेवता, म्हणून डास होतात.’

मावशी म्हणाली, ‘सायेब, घाण त्या गटारात हाय, तिकडं तर तुमी बघितलं बी नाय. हे प्यायचं पानी हाय. आता परवा पानी येईस्तवर पोरान्ला काय पाजू?’

साहेबाला उत्तर नव्हतं. जाता जाता तो एक वाक्य टाकून गेला – ‘मावशी, डासाला जात नसते. सगळ्यांच्या भल्यासाठीच करतो आम्ही.’

दोस्तांनो, त्या दिवसापासून ही दोन वाक्यं माझ्या कानाशी गुणगुणतायत. ‘तुम्ही लोक घाण ठेवता’ हे एक. ‘डासाला जात नसते’ हे दुसरं. पहिलं सरळ खोटं आहे. दुसरं अर्धं खरं आहे, म्हणून जास्त खोटं आहे. मी दहावी झालेला हमाल. पण वाचता येतं. सहा महिने जे हाताला लागलं ते वाचलं, ते इथे मांडतो.

पहिलं वाक्य आधी घेऊ. मलेरिया या शब्दाचाच अर्थ वाईट हवा. इटलीकडचा शब्द. दलदलीची, कुजकी, वास मारणारी हवा छातीत गेली की ताप चढतो, असं युरोपातले मोठमोठे वैद्य शेकडो वर्षं सांगत होते. वास म्हणजे रोग, आणि वास कुणाच्या अंगाला? आमच्या. आपल्याकडच्या शिवाशिवीला हा विचार किती गोड लागला असेल! पण २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस नावाच्या लष्करी डॉक्टरनं एका डासाचं पोट फाडून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि मलेरियाचा जंतू तिथे पाहिला. हवा बिवा काही नाही. डास. १९०२ साली त्याला नोबेल मिळालं. हा रॉस कवितासुद्धा करायचा, आणि त्या शोधावरही त्यानं केली.

पण मला रॉसपेक्षा हुसेन खान जवळचा वाटतो. तो तापकरी माणूस. त्याच्या अंगावर डास सोडले, त्यांनी पोटभर रक्त प्यालं, आणि तेच डास फाडून शोध लागला. हुसेन खानला मजुरी किती? एका डासाला एक आणा. आठ डास, आठ आणे. रक्ताचा पीसरेट! गोदीत पोत्यामागे दर असतो तसा. तरी म्हणतो, त्याला निदान आणा मिळाला. आमच्याकडून डास रोज फुकट घेऊन जातो. शाळेच्या पुस्तकात मला रॉस भेटला, हुसेन खान भेटला नाही.

तर डास. आणि डासही एक नाही, तीन धरा. गटारात, तुंबलेल्या नाल्यात, संडासाच्या टाकीत होतो तो क्युलेक्स. रात्री कानाशी गाणं म्हणतो, झोप खातो. हत्तीरोग पसरवतो तो हाच. दुसरा अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सी, शहरातल्या मलेरियाचा धनी. तो टाकीत, विहिरीत, हौदात, पिंपात, साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. तिसरा एडिस इजिप्ती, अंगावर पांढरे पट्टे, डेंग्यू आणि चिकनगुनियावाला. हाही साठलेल्या स्वच्छ पाण्याचा, आणि दिवसाढवळ्या चावतो.

बघितलं? ज्या दोन डासांनी माणसं मरतात ते घाणीत होतच नाहीत. ते पाण्याच्या बाबतीत आमच्यापेक्षा सोवळे आहेत. मावशीच्या पिंपात आळ्या सापडल्या, कारण मावशीचं पाणी स्वच्छ होतं. मावशीनं घाण पाणी साठवलं असतं तर स्टीफेन्सी तिकडे फिरकला नसता! साहेब, तुमच्या खात्याच्याच माहितीपत्रकात हे छापलेलं आहे. पण वस्तीत शिरताना तुम्ही माहितीपत्रक नाही, आजोबांचा संस्कार घेऊन शिरता.

आणि हे काल-परवाचं ज्ञान नाही. १९११ साली बेंटली नावाच्या अधिकाऱ्यानं मुंबईच्या मलेरियाचा अहवाल दिला. त्यात बोट कुणाकडे? झोपडीकडे नाही, विहिरींकडे. शहरातल्या घराघरांतल्या, वाड्यांतल्या विहिरी. मग विहिरी झाका, बुजवा असं ठरलं. तेव्हा धर्म आडवा आला. पूजेला विहिरीचंच पाणी लागतं, विहीर बंदिस्त चालत नाही, अशा तक्रारी झाल्या. त्यांच्या श्रद्धेला अर्ज-विनंतीची सोय होती, सुनावणी होती. मावशीच्या पिंपाला दोन मिनिटं नव्हती. एका शहरातली हीच ती कीड, आणि तिच्यासाठी दोन कायदे.

मधला इतिहास उडत सांगतो. स्वातंत्र्यानंतर १९५३ साली सरकारनं मलेरिया नियंत्रणाचा कार्यक्रम काढला, १९५८ साली निर्मूलनाचा. भिंतीभिंतीवर डी.डी.टी. मारलं. साडेसात कोट रोगी आणि आठ लाख मरणं, हा आधीचा अंदाजे हिशेब. १९६५ पर्यंत रोगी लाखावर आले. जिंकलो म्हणून ढोल वाजले. मग पैसा आखडला, डास डी.डी.टी.ला सरावले, शहरं वाढत गेली आणि शहरातल्या टाक्यांकडे कुणी नीट बघितलं नाही. १९७६ साली रोगी पुन्हा चौसष्ट लाखांवर. म्हणजे औषध होतं, ज्ञान होतं. टिकवायची चाड नव्हती.

आता दुसरं वाक्य. डासाला जात नसते.

खरंच नसते. खोटं कशाला बोला, डेंग्यू टॉवरमध्येही होतो. फ्रिजमागच्या ट्रेमध्ये, मनीप्लँटच्या बाटलीत, कुंडीखालच्या बशीत एडिसची बाळंतपणं होतात. टॉवर उठतो तेव्हा त्याच्या पायाच्या खड्ड्यात, स्लॅबवर सोडलेल्या पाण्यात स्टीफेन्सी उठतो, आणि पहिला ताप तिथेच पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या बांधकाम मजुराला येतो. पण टॉवरातल्या बाबूला ताप आला तर तो पगारी रजेवर जातो. माझ्या टोळीतल्या माणसाला ताप आला की मुकादम दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस उभा करतो. सहा दिवस ताप, दहा दिवस अशक्तपणा, सोळा दिवसांची मजुरी शून्य. वर किराण्याची उधारी.

आणि एक गंमत सांगतो. एडिस फार लांब उडत नाही. बहुतेक शेदोनशे मीटरमध्ये त्याचं सगळं आयुष्य जातं. जिथे जन्मतो तिथेच चावतो. म्हणजे आमच्या गल्लीचा डास आमच्या गल्लीलाच. आता कोण कोणत्या गल्लीत राहणार, ते कुणी ठरवलं? आमच्या आज्ज्याला गावकुसाबाहेर कुणी ठेवलं? तो मुंबईला आला तेव्हा त्याला जागा मिळाली रुळाच्या कडेला, खाडीच्या भरावावर, गोदीच्या भिंतीला टेकून. डास जात बघत नाही. त्याला बघायची गरजच नाही. आम्हाला आधीच निवडून, ओळीत लावून त्याच्यापुढे बसवलंय.

गोदीत काम करतो म्हणून एक आकडा सांगतो, लक्षात ठेवा. ४०० मीटर. २००५ सालचे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम म्हणतात की बंदराच्या आवारापासून निदान ४०० मीटरपर्यंत रोग पसरवणाऱ्या कीटकांवर नियंत्रण ठेवलंच पाहिजे. कारण पीतज्वर. हा रोग आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत आहे, भारतात नाही. पण त्याचा वाहक एडिस आपल्याकडे भरपूर. जहाजातून जंतू आला आणि इथला एडिस त्याला भेटला तर आग लागेल, म्हणून ही खबरदारी. खबरदारी योग्यच आहे, मी तिच्या बाजूचा आहे. आमच्या गेटापासून मी पावलं टाकत मोजत गेलो. माझी गल्ली सहाशेच्या पुढे निघाली. जगातल्या जहाजांना आमच्या डासापासून वाचवायचा कायदा आहे. त्या जहाजांचा माल उतरवणाऱ्यानं भिंतीपलीकडे जाऊन झोपावं, आणि स्वतःचं स्वतः बघावं.

पिंप कशासाठी भरतो आम्ही, हौस म्हणून? नळ नाही म्हणून. पाणी दिवसाआड, पाऊण तास, तेही विकतच्या नळीतून. ती नळी कुणाची, मोटर कुणाची, तो पैसा वर कुठवर जातो, ते वस्तीला ठाऊक आहे, आणखी काही जणांनाही ठाऊक आहे. ज्याच्या घरात चोवीस तास नळ, त्याला पिंप लागत नाही. पिंप नाही तर आळी नाही. इतकी सोपी शाळा आहे ही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडला चवदार तळ्यावर गेले, ओंजळीनं पाणी प्याले. तेव्हा म्हणाले, तुम्ही शिवलात की पाणी बाटतं. आज म्हणतात, तुम्ही साठवलंत की पाण्यात डास होतात. मधल्या शंभर वर्षांत आमच्या हातात पाणी आलं, पण नळाची तोटी आली नाही.

मुंबईत एका ठरावीक तारखेनंतरच्या झोपडीला महापालिकेचं पाणी नाही, असा नियम होता. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की झोपडी बेकायदा असली तरी माणसाला पाणी नाकारता येत नाही, जगण्याच्या हक्कातच पाण्याचा हक्क आहे. २०२२ साली ‘सर्वांसाठी पाणी’ असं धोरणही निघालं. निकाल वाचून आनंद झाला. पण निकालाला तोटी नसते, त्यासाठी पाईप टाकावा लागतो. आणि जमीन एकाची, पाणी दुसऱ्याचं, ना-हरकत दाखला तिसऱ्याचा, अशा वस्त्यांमध्ये पाईप फाईलमध्येच वळतो.

हे झालं भांडण. पण भांडण मिटेपर्यंत चावून घ्यायचं काय? नाही. आमच्यातल्या काही शहाण्यांना वाटतं की व्यवस्था बदलली की डास आपोआप जातील, तोवर पिंपावर झाकण टाकणं म्हणजे सुधारणावाद. अशा क्रांतिकारकानं माझ्यासोबत एक रात्र धक्क्यावर काढावी. झाकण टाका, दोस्त. क्रांती झाली तरी झाकण लागणारच आहे.

अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस. म्हणून आठवड्यातून एक दिवस पिंप पूर्ण रिकामा करायचा आणि आतून घासणीनं खरवडायचा. नुसतं ओतून भागत नाही. एडिसची अंडी पाण्याच्या कडेला भिंतीला चिकटतात, आणि कोरड्यात महिनोन्‌महिने जिवंत राहतात, पाणी लागलं की फुटतात. साहेबांनी पिंप आडवा केला तेव्हा अंडी तशीच राहिली होती, म्हणजे मावशीचं पाणी गेलं ते फुकटच. पाणी येणार असेल त्या सकाळी घासा, म्हणजे थेंब वाया जात नाही. भरल्यावर जुन्या साडीचा दुहेरी पदर तोंडावर ताणून सुतळीनं आवळा. साडी पाण्यात लोंबता कामा नये. छपरावरची ताडपत्री उडू नये म्हणून जे टायर टाकलेत ते काढा, विटा ठेवा. टायरच ठेवायचा तर खालून चार भोकं पाडा. टायर म्हणजे एडिसचं प्रसूतिगृह, त्यातलं पाणी कितीही ओता, थोडं राहतंच. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडा, महापालिकेकडून मागता येतात, आळ्या खातात. धुराच्या गाडीवर फार भरवसा नको. तिच्यामागे पोरं नाचतात तेवढंच. धूर उडणारे डास मारतो, पाण्यातली आळी तशीच राहते.

रात्री काय? अंड्यांचे पुठ्ठे जाळतो, कडुनिंबाचा पाला जाळतो, कॉईल लावतो. दहा बाय दहाची खोली, एक दार, सात माणसं आणि धूर. २००३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात मोजलंय की एका कॉईलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके. म्हणजे माझा चार वर्षांचा पुतण्या रोज रात्री किती पाकिटं ओढतो, हिशेब करा. मच्छरदाणी सगळ्यांत बरी. चार खिळे आणि सुतळी, गादीखाली नीट खोचलेली. आणि रातपाळीवाल्यांनो, आपल्याला दोन्ही पाळ्यांचे डास. रात्री धक्क्यावर एक चावतो, दिवसा झोपलं की एडिस. तेव्हा दिवसा झोपतानाही मच्छरदाणी लावा. लोक हसतील. मी लावतो. वस्तीत मला नवरदेव म्हणतात.

खाज. चावते ती फक्त मादी, अंड्यांसाठी तिला रक्त लागतं. रक्त गोठू नये म्हणून ती आधी आपली लाळ आत सोडते, आणि त्या लाळेशी आपलं शरीर भांडतं. ती गांधी, ती आग, ती खाज, सगळी त्या भांडणाची. खाजवलं की आणखी वाढते. थंड पाणी आणि साबणानं धुवा. भाऊच्या धक्क्याकडचा कुणी ओळखीचा असेल तर बर्फाचा तुकडा मागा, स्वच्छ फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं धरा. कॅलामाईन लोशन स्वस्त मिळतं, नाहीतर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावा. चुना, रॉकेल, टूथपेस्ट नको. पोरांची नखं कापा. ही गोष्ट बारीक वाटते, पण खाजवून पिकलेल्या फोडांमुळे कधी कधी लहान पोराच्या मूत्रपिंडाला सूज येते. तोंड सुजतं, लघवी चहासारखी होते. असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तापाचं. पावसाळ्यात दोन दिवस ताप राहिला तर महापालिकेच्या दवाखान्यात रक्त तपासा. डेंग्यूची शंका असेल तर अंगदुखीच्या इतर गोळ्या, अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेन घेऊ नका, रक्तस्राव होतो. पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी, पेज, मीठसाखरेचं पाणी. आणि ताप उतरला म्हणून कामावर पळू नका, धोक्याचे दिवस तेव्हाच असतात. पोटात कळा, सारखी उलटी, हिरड्यांतून रक्त, काळा शौच, माणूस बेचैन झाला तर रुग्णालय. पपईच्या पानांचा रस पिण्यात वेळ घालवू नका.

मलेरियाचं दुखणं मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या टोळीतल्या एकाला व्हायवॅक्स निघाला. तीन दिवसांच्या गोळ्यांनी ताप गेला. पुढे प्रायमाक्वीन चौदा दिवस घ्यायची होती, कारण जंतू यकृतात दडून बसतो. ती रक्तातल्या एका दोषात चालत नाही, गरोदर बाईलाही देत नाहीत, म्हणून डॉक्टरला विचारूनच घ्यायची असते. त्याला पाचव्या दिवशी चक्कर आली. दवाखान्यात परत जाऊन विचारायचं तर एक खाडा. त्यानं गोळ्या सोडल्या, खाडा वाचवला. अडीच महिन्यांनी धक्क्यावर पोतं खांद्यावर असताना थंडी भरली. पोतं त्याच्या पायावर पडलं. ठेकेदारानं कागदावर लिहिलं – कामगाराचा निष्काळजीपणा. तो आता गावाला आहे. त्याच्या जागी दुसरा आलाय, त्यालाही परवा कणकण होती.

येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता बुद्धविहाराच्या ओट्यावर या. घासणी, जुनी साडी, सुतळी आणि झाकणाची एक पारदर्शक रिकामी बाटली आणा. गल्लीगल्लीनं पिंप घासू. आळ्या सापडल्या तर थोड्या पाण्यासकट बाटलीत धरायच्या. बाटलीवर चिठ्ठी लावायची. पिंप कुणाचा ते लिहायचं नाही. गल्ली लिहायची, आणि पाणी किती दिवसांनी आलं, किती वेळ आलं, किती पैसे मोजले ते लिहायचं. सोमवारी सगळ्या बाटल्या नळजोडणीच्या अर्जासोबत पाणी खात्याच्या टेबलावर ठेवायच्या. झाकणं घट्ट लावा. आळीचा डास व्हायला फार दिवस लागत नाहीत, हे साहेबांना अर्जातच कळवलंय.

सोमवारी ज्यांचा खाडा पडेल त्यांनी येऊ नये, रातपाळीवाले पुरे आहेत. मावशीनं आपला निळा पिंप मोर्चात पुढे न्यायला दिलाय. रिकामा आहे, पण तो उचलायला दोन माणसं लागतील. नावं माझ्याकडे द्या.